पहिल्या घाण्यातली काडी

या घरातली भांडणं कधी मुद्द्यावरून सुरू होत नसत. ती एखाद्या डब्यावरून, किल्लीवरून, उघड्या राहिलेल्या खिडकीवरून सुरू व्हायची आणि मुद्द्यापर्यंत पोचायला त्यांना अर्धा दिवस लागायचा. त्या रविवारीही तसंच झालं. धाकट्यानं खोक्यातून एअर फ्रायर बाहेर काढला आणि तो ओट्यावर कुठं ठेवायचा यावरून पहिली ठिणगी पडली.

"तिथं नको. तिथं माझा चहाचा डबा असतो," आई म्हणाली.

"डबा सरकेल की, आई. याला मागून गरम हवा सोडायला मोकळी जागा लागते." धाकटा लिफ्ट बसवण्याच्या कामाला होता. कुठल्या यंत्राला किती जागा लागते, हे तो विचारल्याशिवायही सांगायचा. डबा त्यानं स्वतःच उचलून फडताळात ठेवला.

"हवा सोडतो म्हणे. घरात पंखा नव्हता का?"

थोरली नळाखाली बटाटे धूत उभी होती. सासू आणि दीर यांच्यात बोलणं सुरू असलं की आपण मध्ये तोंड घालायचं नाही, हे ती या घरात आल्या वर्षीच शिकली होती. तिनं बटाटे निवडून आणले होते. जुने, कोरडे, पिठूळ. नवा बटाटा तळला की काळवंडतो आणि आतून चिकट राहतो, हे तिला कुणी सांगायला लागत नव्हतं. घरचा धंदाच तो होता.

बाजाराच्या कोपऱ्यावर तळलेल्या बटाट्याच्या काड्यांचं दुकान. पाटीवर 'फ्रेंच फ्राइज' लिहिलेलं होतं, पण घरात त्यांना कुणी त्या नावानं हाक मारली नाही. घरात त्या काड्याच. सासऱ्यांचा उभा जन्म त्या कढईसमोर गेला. हातात सतत झारा, म्हणून सगळा बाजार त्यांना झारेकाका म्हणायचा. खरं नाव काय, ते टपालवाल्यालाच ठाऊक. आता ते शेजारच्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. अर्धांगाच्या झटक्यानं डावा हात आणि डावा पाय गेला, तोंड थोडं वाकडं झालं आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांचा उजवा खांदा दिसत होता. तो खांदा अजून रुंद होता. बाकीचा माणूस मात्र दिवसेंदिवस उतरत चालला होता, कारण ते जेवतच नव्हते.

सूप आणलं की दोन चमचे. उकडलेल्या भाज्या आणल्या की ताट पालथ्या हातानं हळूच ढकलायचे. रागावून नाही, नको असलेल्या गिऱ्हाइकाला वाट दाखवावी तसं. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं आणि त्याच डॉक्टरांनी गेल्या खेपेला सांगितलं होतं, की हे असंच चाललं तर नळी घालून खायला घालावं लागेल.

"म्हणून तर आणलंय हे," धाकटा यंत्राच्या पुढच्या मुठीला धरून खण ओढत म्हणाला. खणात जाळीची टोपली होती. "चमचाभर तेलात होतं सगळं. बाबांना त्यांच्या काड्या खायला मिळतील आणि त्यांना कळेलही."

"काय कळेल?" थोरलीनं पहिल्यांदाच विचारलं.

धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं. नणंद ओट्याशी स्टुलावर बसून सालं सोलत होती. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. बापाचे आकडे तिच्या नजरेखालून जायचे, म्हणून घरात तिच्या शब्दाला डॉक्टरच्या खालोखाल मान होता. तिनं सोलणं थांबवलं नाही.

"हे बघ वहिनी," ती म्हणाली, "उद्या जागेच्या मालकाला उत्तर द्यायचंय. करार पुढं चालवायचा की जागा सोडायची. बाबा परत त्या कढईसमोर उभे राहणार नाहीत. पण त्यांच्या मनात ते दुकान आहे, आणि त्यांच्याकडून हो घेतल्याशिवाय कुलूप लावायला आपलं मन धजत नाही. त्यांनी या काड्या खाल्ल्या आणि बऱ्या वाटल्या तर त्यांनाही पटेल, की कढईशिवाय चालतं."

"दुकान मी चालवतेय की, ताई."

"चालवतेयस, कबूल. पण किती दिवस? त्या धुरात? दादा त्या वाटेवरच गेला, बाबांना तिथंच झटका आला. आता तुझी वाट बघायची का आम्ही?"

यात खोटं काही नव्हतं. थोरलीचा नवरा दोन हिवाळ्यांपूर्वी पहाटे बटाट्याचं पोतं खांद्यावर घेऊन दुकानाकडे निघाला आणि वाटेतच कोसळला. पोतं फुटून बटाटे उतारावरून घरंगळत गेले. मागून येणाऱ्या सासऱ्यांनी आधी बटाटे पाहिले आणि मग मुलगा.

"तुम्ही मोकळ्या व्हाल, वहिनी," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज मनापासून मऊ होता, आणि तेच तिला जास्त लागलं. "माझ्याकडे या, ताईकडे राहा. दुकान नसलं की हे घर चालायचं कशावर? कुणी तुम्हाला दूर लोटत नाहीये."

माझ्याकडे या, ताईकडे राहा. म्हणजे एका घरातली एक खुर्ची, दुसऱ्या घरातली एक खाट आणि दोन्हीकडे पाहुणी. मूलबाळ झालं नाही. नवरा गेला. या घराशी तिला बांधून ठेवणारं आता दुसरं काय होतं? ती कढई. रोज कढईसमोर उभं राहिलं की ती कुणाची तरी विधवा नसायची. लोक येऊन म्हणायचे, दे गं, गरम दे. तिथून निघाल्यावर आपण नक्की कोण, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. ते शोधायची तिला भीतीही वाटत होती.

आणि आज तिलाच सांगितलं होतं, की या यंत्रात काड्या तू कर. तुझ्यासारख्या कुणाला जमणार? चांगल्या झाल्या तर म्हातारा जेवेल आणि दुकान जाईल. बिघडल्या तर दुकान कदाचित राहील, पण म्हातारा उपाशीच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये उभं राहून बटाटे कापायचे.

तिनं कापले. बोटाएवढ्या जाड, सगळ्या सारख्या. थंड पाण्यात टाकल्या, पाणी दुधासारखं झालं, ओतून दिलं, पुन्हा भरलं. पाणी नितळ होईपर्यंत. मग जुन्या धुतलेल्या पंच्यावर पसरून एकेक कोरडी केली. ओल्या काडीशी तेलाचं वैर असतं, सासरे म्हणायचे. तेव्हा ते खूप बोलायचे. काड्यांबद्दल तर फारच.

"चमचाभर तेल चोळ फक्त," धाकटा म्हणाला.

"चमचाभर!" आई हसली. हसणं कोरडं होतं. "दुधाची तहान ताकावर, दुसरं काय."

थोरलीनं तेल हातावर घेऊन काड्यांना चोळलं. टोपली भरली, खण आत ढकलला. यंत्र गुणगुणू लागलं. ती त्याच्यासमोर उभी राहिली. हात मागे बांधून, मान थोडी कललेली. कढईसमोर ती अशीच उभी राहायची. काड्या तेलात पडल्या की आधी खवळल्यासारखा आवाज येतो, मग तो बारीक होत जातो, आणि शेवटी काड्या आपणहून वर येतात. तोवर झारा लावायचा नाही. सासऱ्यांच्या दुकानाचा हा कायदा होता. घाणा टाकला की हात मागे. ज्याला धीर नाही त्यानं दुसरा धंदा बघावा.

पण इथं आवाज बदलेना. एकच गुणगुण, एका सुरात. तिला काही कळेना. तरी ती थांबली, कारण थांबायचं असतं हेच तिला माहीत होतं.

यंत्रानं शेवटी टिंग केलं तेव्हा घरातले सगळे शेजारच्या खोलीतल्या टेबलाभोवती जमले होते. सासऱ्यांची खुर्ची ओढून टेबलाशी आणली होती. आईनं त्यांच्या गळ्याला पंचा बांधला. थोरलीनं खण ओढला.

वरच्या काही काड्या पिवळसर झाल्या होत्या. त्यांच्याखाली सगळा फिकट, घामेजलेला गोळा. बशीत ओतताना त्या एकमेकींना सोडेनात.

तरी बशी समोर ठेवली. सासऱ्यांनी बघितलं. मग त्यांनी जे केलं ते झटक्याच्या आधीच्या झारेकाकांचं होतं. त्यांनी उजव्या हातानं एक काडी उचलली आणि कानाशी नेली.

दुकानात रोज सकाळी हे व्हायचं. पहिला घाणा विकायचा नाही. त्यातली एक काडी झारेकाका उचलायचे, कानाशी धरून मोडायचे. कट् आवाज आला तर दिवस सुरू. अर्धी स्वतः खायची आणि अर्धी त्या दिवशी कढईसमोर उभा राहणाऱ्याला द्यायची. वर्षानुवर्षं ती अर्धी थोरल्या मुलाला मिळाली. तो गेल्यावर झारेकाका दोन्ही अर्ध्या स्वतःच खायचे, तोंड भिंतीकडे करून. मागं उभं राहून कापणाऱ्या सुनेकडे त्यांनी काडी कधी पुढं केली नाही. तिनंही कधी हात पुढं केला नाही. आणि ते झटक्यानं पडल्यापासून, म्हणजे दुकान ती एकटी चालवत होती तेव्हापासून, पहिल्या घाण्यातली एक काडी ती न मोडता खिडकीच्या कठड्यावर ठेवायची. ती चिमण्या न्यायच्या. मोडायचा हक्क आपला नाही असं तिला वाटायचं.

आता काडी मोडायला दोन हात लागतात, आणि त्यांचा एकच चालत होता. त्यांनी अंगठ्यानं तिला दाबलं. ती मोडली नाही. वाकली, आणि त्यांच्या बोटांवरून खाली लोंबली.

त्यांनी ती बशीत परत ठेवली. मग दाराकडे बघितलं.

"थोरला?"

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. उत्तर तयारच होतं. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी पहिला शब्द हाच काढला होता, आणि आई घाबरून बोलून गेली होती, दुकानावर आहे. ते शांत झाले. नर्सनंही सांगितलं, मनाला धक्का बसेल असं काही बोलू नका. तेव्हापासून सगळं घर तेच म्हणत आलं होतं. धाकटा म्हणायचा, नणंद म्हणायची. थोरलीही म्हणायची. स्वतःच्या नवऱ्याबद्दल, दुकानाला निघताना, चपला घालता घालता. दुकानावर आहेत, बाबा. आणि मग जाऊन त्याच्या जागी उभी राहायची.

"दुकानावर आहे," आई म्हणाली.

सासऱ्यांनी मान हलवली. पालथ्या हातानं बशी ढकलली. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"तो... आणेल."

*

स्वयंपाकघराचं दार धाकट्यानं लोटून घेतलं.

"वहिनी, खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

"काय म्हणताय, भाऊजी?"

"तुमच्या हातून काड्या बिघडतात? तुमच्या? आंधळ्यानं तळल्या तरी अशा होणार नाहीत."

थोरलीचं तोंड तापलं. तिनं मुद्दाम केलं नव्हतं. पण खण ओढला तेव्हा वाईट वाटण्याच्या एक क्षण आधी तिच्या मनात काहीतरी हललं होतं. वाचलं दुकान, असं काहीतरी. ते तिला आठवलं. सासऱ्यांच्या उपासावर आपलं छप्पर टिकवायचं? मुद्दाम केलं नाही हे खरं, पण बिघडल्याचं दुःख पुरतं झालं नाही हेही खरं, आणि त्याची तिला लाज वाटली.

"तिला काय बोलतोस?" आई म्हणाली. तिनं टोपली उचलून उजेडात धरली होती. "हे बघ. तेलात काड्या पोहतात, तिथं काठोकाठ भरल्या तरी चालतं. इथं हवेवर भाजायच्या, आणि हिनं दुकानातल्यासारखी खच्चून भरली. आतल्यांना वाराच लागला नाही. वर घाणा टाकून हात मागं बांधून उभी. तुझ्या बापाची शिकवण, दुसरं काय! ते इथं उभे असते तर त्यांनीही हेच केलं असतं. आणि वर यंत्राला शिव्या दिल्या असत्या."

धाकटा खाली बघायला लागला. खरं तर त्याचं दुकानाशी वेगळंच वाकडं होतं. लहानपणी तो सकाळी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचा आणि पहिली काडी मोडायची वाट बघायचा. अर्धी नेहमी दादाला जायची. तू शाळेत जा, एवढंच त्याच्या वाट्याला यायचं. बापानं ते त्याच्या भल्यासाठीच केलं होतं. पण अर्धी काडी ती अर्धी काडी.

नणंद ओट्याला टेकून उभी होती.

"तुम्हाला कळलं का ते काय म्हणाले?" ती म्हणाली. "तो आणेल. म्हणजे हे इतके दिवस न जेवता दादाची वाट बघतायत. आपणच सांगितलं ना तो दुकानावर आहे? मग रोजचा पहिला घाणा येतो कसा नाही, असं वाटत असेल त्यांना. आणि आपण समोर भाज्या ठेवतोय."

आई स्टुलावर बसली.

"मीच म्हटलं पहिल्यांदा," ती हळूच म्हणाली. "मला काय माहीत, असं होईल."

"आता झालं ते झालं," धाकटा म्हणाला. बिघडलेलं यंत्र समोर आलं की तो असाच भराभर बोलायचा. "पुन्हा करू. थोड्या टाकू, हलवू. आणि दुकानाच्या कागदी कोनात घालून नेऊ. सांगू, दादानं पाठवल्या. खातील. आधी पोटात तर जाऊ दे."

"आणि उद्या?" नणंदेनं विचारलं.

"उद्याही दादानंच पाठवल्या."

"आणि दुकान बंद झाल्यावर? मग दादा कुठं आहे म्हणायचं?"

आईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "आज तर म्हणू. उद्याचं उद्या."

थोरलीनं उरलेले बटाटे ओढले.

या वेळी तिनं घाई केली नाही. धुतल्या, भिजवल्या, पुसल्या. यंत्र रिकामंच आधी तापू दिलं. टोपलीत काड्या एकीला एक न लागता मांडल्या, शेजारी शेजारी, जेमतेम एक थर. दुकानात असा घाणा घातला असता तर गिऱ्हाइकांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. गुणगुण सुरू झाली. तिनं हात मागं बांधले आणि मग सोडले. अर्ध्यावर खण ओढून टोपली जोरात हलवली. आईनं मान डोलावली. पुन्हा आत. आता तिनं ऐकणं सोडून दिलं आणि वास घेतला. भाजलेल्या बटाट्याचा वास आला आणि खोलीभर पसरला, आणि दाराच्या पलीकडं खुर्ची करकरली.

खण उघडला. सोनेरी, कडेला तांबूस, टोपलीत हलवल्या की खडखडणाऱ्या. थोरलीला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. चांगल्या झाल्या होत्या. म्हणजे जेवतील. म्हणजे दुकान गेलं. असू दे, ती मनात म्हणाली. आधी माणूस राहू दे.

"वहिनी," धाकटा कोन पुढं करत म्हणाला, "मी मघाशी बोललो ते..."

"राहू दे, भाऊजी. कोन नीट धरा, पोळेल."

*

ती कोन घेऊन गेली. मागोमाग सगळे. सासऱ्यांनी कोन बघितला, दुकानाचा तोच कागद, आणि त्यांच्या चेहऱ्याची जी बाजू हलायची ती हलली. ती बाजू उजळली म्हटलं तरी चालेल.

"थोरला?"

आईनं तोंड उघडलं. थोरलीनं कोन बशीत ठेवला आणि सासऱ्यांच्या समोर खुर्चीवर बसली. या घरात सासऱ्यांसमोर खुर्चीत बसायची तिची ही पहिली वेळ असावी.

"बाबा," ती म्हणाली, "या मी केल्यात."

"वहिनी!" नणंद म्हणाली.

"मी केल्यात, बाबा. दुकानावर ते नाहीत. ते गेले. दोन हिवाळे झाले. तुम्हीच तिथं होता. पोतं फुटलं होतं, बटाटे उतारावर गेले होते. तुम्ही त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, लोकांनी ओढलं तरी उठला नव्हता. आम्ही तुम्हाला खोटं सांगितलं. मीसुद्धा. रोज सांगितलं."

आई रडायला लागली. धाकटा पुढं झाला, थांबला. नणंदेनं बापाचं मनगट धरलं, नाडी बघायला. म्हाताऱ्यानं ते सोडवून घेतलं नाही. तो सुनेकडे बघत राहिला. ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता. एकेक पायरी चढून यावं तसा तो आला.

"म्हणजे... खरं."

"हो, बाबा."

"मला... वाटलं..." त्यानं चांगला हात कपाळाला लावला. "इथं... बिघडलं. मला... बटाटे दिसायचे. उतारावर. तुम्ही म्हणायचा... दुकानावर. मग मीच... वेडा."

हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं. धक्का बसू नये म्हणून सगळ्यांनी मिळून एका शहाण्या माणसाला पटवलं होतं, की तुला वेड लागलंय. रोज पोराचं मरण त्याला आठवत होतं आणि रोज घरचे येऊन सांगत होते, की ते घडलंच नाही. एवढं दुःख त्यानं कुणाला न विचारता गिळलं होतं. मग अन्नाला जागा कुठून उरणार? नणंदेनं मनगट सोडून बापाचा तळवा दोन्ही हातांत घेतला आणि ती खाली वाकून रडली.

"दुकानावर मी असते, बाबा," थोरली म्हणाली. "तुम्ही पडल्यापासून मीच तळते. पहिला घाणा विकत नाही. त्यातली एक काडी ठेवते. मोडत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, मोड म्हणून."

म्हाताऱ्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं, त्यानं पुसलं नाही. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, मागं घे, मागं घे, असं ओरडणं चाललं होतं.

मग त्यानं मुलीच्या हातातून आपला हात काढून घेतला आणि कोनातून एक काडी उचलली. कानाशी नेली. एका हातानं ती मोडता येईना. त्यानं डाव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर पडून होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. आईचा हात मदतीला पुढं आला. त्यानं मान हलवली. नको.

आणि काडी टेबलावरून पुढं केली. सुनेकडे.

थोरलीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिनं दुसऱ्या टोकाला हात नेला. तिनं धरलं. त्यानं त्याच्या बाजूनं. दोघांनी मिळून वाकवली.

कट्.

एवढासा आवाज, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेला. म्हाताऱ्यानं डोळे मिटून तो ऐकला. मग त्यानं आपली अर्धी तोंडात घातली आणि चांगल्या बाजूनं सावकाश चावली. गिळली. थोरलीच्या हातात तिची अर्धी तशीच होती.

"खा," तो म्हणाला.

तिनं खाल्ली. ती गरम होती, आत मऊ होती.

"मीठ," म्हातारा म्हणाला. कपाळाला आठी पडली. "कमी."

आई रडता रडता हसली. झटका आल्यापासून त्यांनी काढलेली ही पहिली खोड होती. धाकटा लगबगीनं आत गेला आणि मीठ घेऊन आला. बापासमोर ठेवताना तो वाकला, आणि त्या वाकण्यातच त्यानं विचारलं. विचारताना त्याचा आवाज पायरीवर बसून वाट बघणाऱ्या पोराचा होता.

"बाबा, उद्या मालकाला काय सांगू?"

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग कोनातून आणखी एक काडी काढली आणि तिचं टोक धाकट्यापुढं धरलं. धाकट्यानं ते धरलं. कट् झालं, आणि धाकट्यानं आपली अर्धी मुठीत घट्ट धरली, खाल्ली नाही.

"मला नको... विचारू," म्हातारा म्हणाला. शब्द जुळवायला त्याला पुन्हा वेळ लागला, आणि या वेळी कुणी घाई केली नाही. त्यानं चांगला हात उचलला आणि थोरलीकडे दाखवला.

"हिला विचार. दुकान... हिचं."

धाकटा वळला. नणंद आणि आईही. थोरली कोनाकडे बघत होती. इतकी वर्षं तिच्याबद्दल या खोलीत तिला न विचारताच ठरत आलं होतं. तिनं चिमूटभर मीठ घेतलं, उंचावरून काड्यांवर भुरभुरलं, दुकानात भुरभुरायची तसं. मग तिनं एक काडी उचलली, तिचं टोक सासऱ्यांच्या बोटांत दिलं, आणि दुसरं आपण धरलं.

"आधी जेवून घ्या, बाबा," ती म्हणाली. "सकाळी लवकर उघडायचंय."